फुलाबाईचं तोंड

वेसावे, १२ जानेवारी २०२४

श्वेता पोरी,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं नसशील. मी जया. अंधेरीच्या मासळीबाजारात तिसऱ्या फळीवर बसते ती. शाळा सुटली की तू माझ्या मागे बर्फाच्या पेटीवर बसून गणितं सोडवायचीस, आणि वहीला म्हावऱ्याचा वास येतो म्हणून तुझ्या बाई तुला शेवटच्या बाकावर पाठवायच्या. आता आठवलं असेल.

पत्ता तुमच्या जुन्या चाळीतल्या गुणाजीकडून मिळवला. अनुपमा गेली हेही त्याच्याकडूनच कळलं. दोन वर्षं झाली म्हणाला. मी त्याच्यावर भर रस्त्यात ओरडले, पण त्या म्हाताऱ्याचा काय दोष? तुम्ही मुलुंडला राहायला गेलात तेव्हापासून तुझी आई नि मी एकमेकींना फोन करायचो, दिवाळीला, गणपतीला. मग माझे कान गेले. चार वर्षं झाली. डॉक्टरने मशीन दिलं, पण ते बाजारात नुसत्या शिट्ट्या मारतं, म्हणून डब्यात ठेवून दिलंय. फोनवर समोरचं माणूस काय बोलतं ते कळत नाही, म्हणून मीच फोन घेणं सोडलं. तिला वाटलं असेल, जया विसरली. सातवीपर्यंत शिकले होते, त्याचा पत्र लिहायला असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

पत्राचं कारण वेगळं आहे. माझ्या पुतण्याची बायको रुचिका खालच्या खोलीत राहते. साडेसातला ती मालिका लावते नि मी जाऊन बसते. ऐकू काही येत नाही, पण माणसं हलताना दिसतात, तेवढीच सोबत. त्या मालिकेत फुलाबाई नावाची कोळीण आहे. दोन महिने मी रुचिकाला सांगत होते, ही बाई माझ्यासारखी डावाच हात कमरेवर ठेवते. उजवा हात म्हावऱ्याचा, तो लुगड्याला लावायचा नसतो. बाहेरच्या माणसाला हे कुठून कळणार? मग रुचिकाने शेवटी येणारी नावं दाखवली. संवाद, श्वेता धोंडू परब. बापाचं नाव लावतेस, बरं वाटलं.

लुगडं तिला चुकीचं नेसवलंय. आणि ती सारखं पान चघळते. मी आयुष्यात पान खाल्लं नाही, तुला माहीत आहे. पण टीव्हीला तोंड हलतं लागत असेल.

गेल्या बुधवारचा भाग मात्र विसरणार नाही. चष्मेवाली बाई पिशवी घेऊन येते. फुलाबाई तिच्यावर ओरडते, पिशवीत मासा फेकते नि हाताने चालती हो म्हणते. ती बाई मान खाली घालून जाते. मागे उभ्या कॉलनीच्या बायकांनी पदर नाकाला लावले. त्या रडत होत्या. मीपण रडले. रुचिका माझ्याकडे बघतच राहिली.

म्हणजे अनुपमाने तुला सांगितलं होतं. मला वाटलं होतं ती ते मनातच घेऊन जाईल. कोणी जरा आवाज चढवला की लोक म्हणतात, कोळणीसारखी काय भांडतेस. जन्मभर ऐकत आले. आता कान नसताना का होईना, एकदा आमचं भांडण कशासाठी असतं ते कोणीतरी दाखवलं. ते माझ्या मांडीला मांडी लावून बसलेल्या पोरीने दाखवलं, याचा मला गर्व आहे.

जेवत जा वेळेवर.

तुझी जयामावशी


मुलुंड, २३ जानेवारी २०२४

प्रिय जयामावशी,

वॉचमनने पाकीट आणून दिलं तेव्हा वाटलं, चुकून माझ्याकडे आलंय. हाताने लिहिलेलं काही मला किती वर्षांत आलेलं नाही. तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

आईचं कळवलं नाही ही माझी चूक. गुणाजीकाकांवर ओरडू नकोस. स्मशानात आम्ही पाच जण होतो, त्यातले दोघे सोसायटीचे. मी यादी काढली होती कोणाकोणाला सांगायचं त्याची. तुझं नाव पहिलं होतं. फोन केला, तू उचलला नाहीस, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, कारण तू रडली असतीस तर मीही रडले असते. तुझे कान गेलेत हे मला माहीत नव्हतं गं.

मी एकटीच असते. नववा मजला, दोन खोल्या. कामही घरूनच. सकाळी सीन लिहायचा, फोनवरून पाठवायचा, दुपारी त्यात बदल येतात, पुन्हा लिहायचा. मी लिहिते ती माणसं दिवसभर कडाकडा भांडतात आणि मी तोंडातून शब्द काढत नाही. परवा भाजीवाल्याला मेथी मागायला गेले तर आवाजच फुटेना. तीन दिवसांतलं पहिलं वाक्य होतं ते.

हो, फुलाबाई म्हणजे तूच. डावा हात मी मुद्दाम लिहून दिला होता. लोकांना ती फार आवडते, मालिकेतलं सगळ्यांत लाडकं पात्र आहे, एवढं तुला छातीठोकपणे सांगते. पानाचं मी बोलून बघते, पण ते माझ्या हातात नाही. बुधवारचा सीन तुला आवडला यात सगळं आलं.

आई त्या दिवसांबद्दल फार बोलायची नाही. तुला जसं आठवतं तसं तू मला लिहिशील? मला वाचायचंय.

आणि हो, आमच्या मीटिंगमध्ये मी सांगितलं की खऱ्या फुलाबाईचं पत्र आलंय. हर्षद म्हणून आमचे वरचे साहेब आहेत, कथा काय वळण घेणार ते ठरवणारे. ते एवढे खूश झाले की चहा सांडला.

तुझीच,
श्वेता


वेसावे, ४ फेब्रुवारी २०२४

श्वेता,

तुझे साहेब येऊन गेले. त्याचं सांगते, पण आधी तू विचारलंस ते.

धोंडूभावजींची मिल बंद झाली तेव्हा तू दहा वर्षांची होतीस. ते पहिल्या महिन्यात रोज डबा घेऊन बाहेर पडायचे नि संध्याकाळी डबा तसाच घेऊन यायचे, चाळीला कळू नये म्हणून. अनुपमा बाजारात यायची बंद झाली. बुधवार गेला, शुक्रवार गेला, रविवारीपण नाही. कोकणातली बाई तीन वार मासे नेत नाही, म्हणजे मी काय ते समजले.

आमच्या बाजारात एक रीत आहे. कोणी शिकवत नाही, सासूच्या शेजारी बसून येते. जिच्या घरात चूल थंड आहे तिला गोड बोलून काही द्यायचं नाही. गोड बोललं की आजूबाजूच्या चार फळ्यांना कळतं, गिऱ्हाइकांना कळतं, आणि मग ती बाई पुन्हा बाजाराचं तोंड बघत नाही. तिला शिव्या घालायच्या. तिने म्हावऱ्याला नावं ठेवायची, आपण तिच्या सात पिढ्या काढायच्या, आणि शेवटी वैतागल्यासारखं करून माशांचा अख्खा वाटा उचलून तिच्या पिशवीत फेकायचा. घे बाय, डोकं खाल्लंस माझं, उचल नि चालू पड. बघणाऱ्याला वाटतं, काय कजाग कोळीण आहे आणि काय चिवट गिऱ्हाईक. भांडणाकडे सगळे बघतात, पिशवीकडे कोणी बघत नाही.

अनुपमाला मी निरोप धाडला की ये नि भांड. ती आली. पहिल्या दिवशी तिच्या तोंडातून शब्द निघेना. मी म्हटलं, अगं बोल, नाहीतर मी काय करू? मग ती हळूच म्हणाली, "गो जये, हे मांदेले कालचे दिसतंत." मी उठून उभी राहिले नि असा काही तोंडाचा पट्टा सोडला की शेजारची इरावती पाणी घेऊन धावली. तिसऱ्या खेपेला अनुपमा माझ्यापेक्षा वरचढ झाली. दीड वर्ष आम्ही भांडलो. बाजारातलं नंबर एकचं भांडण होतं ते. तू पेटीवर बसून बघायचीस, कान लाल व्हायचे तुझे. मी अनुपमाला म्हणायचे, पोरीला सांगून टाक. ती म्हणायची, नको, ती पुढ्यातलं अन्न टाकून देईल.

भावजींना नोकरी लागली त्या दिवशी ती आली नि न भांडता भाव विचारला. मी सांगितला, तिने पैसे मोजून दिले. आम्ही दोघी तेव्हा रडलो, नुसत्या डोळ्यांनी.

आजपण माझ्याकडे अशी एक आहे. कल्पिता. नवरा वर्षभर अंथरुणावर, दोन मुलं. ती चांगली भांडते.

आता साहेबांचं. हर्षदसाहेब कॅमेरावाल्यांना घेऊन फळीवर आले. रुचिकाने कागदावर लिहून दाखवलं की पाचशेव्या भागात खरी फुलाबाई हवी. सतराला गोरेगावला शूटिंग. मी हो म्हटलं. माझ्या नवऱ्याने, सहदेवने, लग्नात घातलेला सोन्याचा हार मी पंधरा वर्षं बाहेर काढला नव्हता, तो चिंचेच्या पाण्याने धुऊन ठेवलाय. तू तिथे असशीलच. माझ्याशेजारी उभी राहा, ऐकू येत नाही त्यामुळे जरा धास्ती वाटते.

जयामावशी


मुलुंड, ९ फेब्रुवारी २०२४

प्रिय मावशी,

घाईत लिहितेय. सतराचं शूटिंग पुढे ढकललंय. कधी ते नक्की नाही, बहुतेक होणारच नाही. तू उगाच तयारी करू नकोस. हर्षदसाहेबांचं कोणी आलं तर सांग, तब्येत बरी नाही. पायांना सूज आहे म्हण, काहीही म्हण.

मीच येईन तुझ्याकडे. महिनाअखेरीस, काम आटोपलं की. तेव्हा सगळं बोलू, म्हणजे मी लिहून दाखवीन.

तू जे लिहिलंस ते मी वाचलं. त्याबद्दल पत्रात लिहिणं मला जमत नाहीये.

पण शूटिंगला जाऊ नकोस. एवढं ऐक.

श्वेता


वेसावे, ३ मार्च २०२४

श्वेता,

महिना संपला, तू आली नाहीस.

तुझं पत्र मिळालं तेव्हा रुचिकाने साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, शूटिंग ठरल्यासारखंच आहे, गाडी येईल. मला वाटलं तुझा काहीतरी गोंधळ झालाय. मग वाटलं, तुला माझी लाज वाटत असेल. पोरगी शिकली, मोठ्या माणसांत ऊठबस, तिथे मी मोठमोठ्याने बोलणार. कान गेल्यापासून माझा आवाज किती चढतो ते माझं मलाच कळत नाही. म्हणून मी ठरवलं, जायचं नि एकदम हळू बोलायचं. तुला दाखवायचं.

गाडी आरेतून गेली. दोन्ही बाजूंना झाडं, म्हशी धुवत होते. रुचिका सोबत होती. मी हार घातला होता. तिथे एका मुलीने तो काढून घेतला, डबीत ठेवला नि पितळेचा एक मोठा घातला. कपाळावर एवढी टिकली. लुगडं आखूड करून गुडघ्यावर आणलं. तोंडात पान दिलं. मी नको म्हटलं तर ती हसली नि गालात कोंबलं. तू कुठे आहेस विचारलं तर रुचिकाने लिहिलं, लेखक सेटवर येत नाहीत.

मग कागद दिला. तुझे संवाद. वाचत गेले. घे बाय, डोकं खाल्लंस माझं. उचल नि चालू पड. सगळी माझी वाक्यं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पंचवीस वर्षांपूर्वीची, तुझ्या आईला ऐकवलेली. आणि मध्येमध्ये कंस. फुलाबाई नाक शिंकरून हात ग्राहकाच्या पदराला पुसते. फुलाबाई पिंक टाकते. कॉलनीतल्या बायका वासाने पदर नाकाला लावतात. हशा.

पदर कशासाठी होते ते मला तिथे उभी असताना कळलं. रुचिकाला विचारलं, तुला माहीत होतं? ती रडायला लागली. दोन महिने ती पोर माझ्या शेजारी बसून हसू दाबत होती नि मला सांगत होती, छान आहे काकी.

तरी मी केलं ते. हो म्हटलं होतं म्हणून. त्यांनी हात हलवला की ओरडायचं. नाक शिंकरलं नाही, तेवढं सांगितलं की मारून टाकलंत तरी करणार नाही. बाकी केलं. मला हसू ऐकू आलं नाही. पण तोंडं दिसतात गं. चाळीस-पन्नास तोंडं, सगळी उघडी. साहेब डोळे पुसत होते. निघताना शाल दिली.

हे एवढंच असतं तर मी गिळलं असतं. आम्हाला काय, सवय आहे.

टीव्हीवर त्यांनी त्याची जाहिरात दाखवली. खरी फुलाबाई, अंधेरीची. दुसऱ्या दिवसापासून फळीपुढे गर्दी. मासे घ्यायला नाही. माणसं येतात, फोन वर धरतात, नि तोंडाने करून दाखवतात, बोला ना मावशी, शिव्या घाला ना. इरावतीने दोघांना पाणी मारून हाकललं तर त्याचंपण शूटिंग झालं.

बुधवारी कल्पिता आली. मला गर्दीचं भान राहिलं नाही, मी सवयीने सुरू झाले. तीपण सुरू झाली. सात-आठ फोन वर गेले. कोणीतरी ते सगळीकडे पाठवलं. तिचा चेहरा, तिची पिशवी, पिशवीत पडणारी करली. तिच्या मुलांच्या शाळेत पोहोचलं. खाली लोकांनी काय लिहिलंय ते रुचिकाने मला दाखवलं नाही, पण एक मी वाचलं. फुकटचं खाते नि वर तोंड करते. एवढी वर्षं पिशवीकडे कोणी बघत नव्हतं. आता सगळे पिशवीच बघतात.

ती शुक्रवारी आली नाही. आजही नाही.

मला एकच सांग. तुला माहीत होतं का? अनुपमाने तुला सांगितलं होतं नि तरी तू हे लिहिलंस, की तुला माहीतच नव्हतं? जे असेल ते लिही. खोटं लिहू नकोस, एकदा लिहिलंयस.

जया


मुलुंड, ९ मार्च २०२४

मावशी,

मला माहीत नव्हतं. आईने शेवटपर्यंत सांगितलं नाही. फेब्रुवारीत तुझं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि तोवर तो सीन लिहून झाला होता, लोक हसून विसरूनही गेले होते, आणि सतरा तारखेचे संवादही मी देऊन टाकले होते.

पण माहीत नव्हतं म्हणून मी सुटत नाही. ऐक.

मी पेटीवर बसायचे तेव्हा मला वाटायचं, ही बाई माझ्या आईचा सगळ्यांसमोर पाणउतारा करते आणि माझी आई माशाच्या एका वाट्यासाठी तो करून घेते. मला तुम्हा दोघींचा राग यायचा. तुझा जास्त. पाचवीत स्नेहसंमेलनात मी तुझी नक्कल केली. डावा हात कमरेवर, घे बाय, डोकं खाल्लंस माझं. जिच्या वहीला वास येतो ती मुलगी सगळ्या शाळेला हसवत होती. ज्या बाईंनी मला शेवटच्या बाकावर पाठवलं त्या पोट धरून हसत होत्या. मला पहिल्यांदा कळलं की लाज वाटते ती गोष्ट आपणच आधी करून दाखवली की लोक आपल्या बाजूला येतात. घरी येऊन आईला करून दाखवलं. तिने माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच. का मारलं ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तेव्हापासून मी तेच करत आलेय. आमच्या धंद्यात एक अडाणी पात्र लागतं. कधी कोळीण, कधी कामवाली, कधी गावाहून आलेला काका. ते शिंकरतं, थुंकतं, मोठ्याने बोलतं, आणि बघणाऱ्याला सोफ्यावर बसल्या बसल्या आपण सभ्य आहोत असं वाटतं. हर्षदसाहेब विचारतात, श्वेता, गावंढळ कोण आहे यात? आणि मी लिहून देते. मला ते इतरांपेक्षा चांगलं जमतं, कारण मी जवळून पाहिलंय. जवळून पाहिलंय असं मी मुलाखतीतसुद्धा सांगितलंय.

सतरा तारखेला मी सेटवर यायला हवं होतं. लेखक सेटवर येत नाहीत हे खोटं आहे. मी घरीच होते. फोन बंद करून भिंतीकडे तोंड करून पडले होते. मागच्या पत्रात खरं लिहिलं असतं तर तू गेली नसतीस. पण खरं लिहिलं असतं तर तू मला पुन्हा पत्र लिहिलं नसतंस, आणि मला तुझी पत्रं हवी होती. एवढंच कारण आहे. मला दुसरं कोणी लिहीत नाही.

मी तुझ्या पत्रातली रीत घालून सीन नव्याने लिहिला. साहेबांनी वाचला, छान आहे म्हणाले, पण फुलाबाई भली निघाली तर मजा जाईल, म्हणाले. मी काम सोडलं. याचं कौतुक करू नकोस, माझ्या जागी दुसऱ्या दिवशी मुलगी आली आणि फुलाबाई काल रात्रीच्या भागातही पिंक टाकत होती.

कल्पिताचा पत्ता मला दे. मी तिच्या घरी मासे पोहोचवीन, कोणाला कळणार नाही. आणि मी पुढच्या रविवारी बाजारात येतेय. या वेळी नक्की. मी घासाघीस करीन, म्हावऱ्याला नावं ठेवीन. तुला काय वाटेल ते तू मला बोल. हवे तेवढे फोन वर जाऊ देत. आईला घातल्यास त्याच्या दुप्पट शिव्या मला घाल.

श्वेता


वेसावे, २६ मार्च २०२४

श्वेता,

तू आलीस, मी बघितलं. पिवळा कुडता, केस पांढरे झालेत कानाशी. आईसारखी दिसतेस. तू माझ्या फळीसमोर उभी राहिलीस नि काहीतरी बोललीस. ओठांवरून कळलं, मांदेली कालची आहेत म्हणालीस.

मी म्हटलं, "नाही हो ताई, ताजी आहेत. किती देऊ तुम्हाला?"

तू हात कमरेवर ठेवून पुन्हा बोललीस. मी तोलून, साफ करून, पिशवीत नीट ठेवून दिली नि म्हटलं, या पुन्हा. तुझा चेहरा मला दिसत होता. मुद्दाम केलं असं समजू नकोस. समोर तीन फोन होते. आणि नसते तरी माझ्या तोंडून आता ते निघत नाही. मी सगळ्यांशी असंच बोलते. इरावती म्हणते, जया, तू आजारी आहेस का?

तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होते, पण तू खरं लिहिलंस तर मीही खरं लिहिते. राग आहे. रोज फळीवर बसले की येतो. घरी आले की जातो, कारण घरी मला तरी कोण आहे, आणि तुझी पत्रं मी जपून ठेवलीत. लिहीत जा. मी उत्तर देईन.

कल्पिताचा पत्ता देत नाही. तू दारात गेलीस की तिला कळेल की तुला कळलंय. ते तिला नको आहे, हे तुला अजून समजत नसेल तर तुझ्या आईने थोबाडीत मारली ती फुकट गेली.

ती गेल्या शुक्रवारी आली होती. तीन आठवड्यांनी. बाजार उठायच्या वेळेला, डोक्यावरून ओढणी घेऊन. मुलगा आजारातून उठला होता, त्याने बोंबलाचं कालवण मागितलं होतं, एवढं ती मला हाताने खुणा करून सांगू शकली. फोनवाली दोन पोरं भिंतीला टेकून होतीच. मला ओरडायचं होतं. तोंड उघडलं. ती पोरं सरसावून उभी राहिली. कल्पिताने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी तोंड मिटलं. आठ-दहा चांगले बोंबील निवडले, कागदात बांधले नि तिच्या हातात ठेवले. म्हटलं, "घे बाळा, पोराला घाल. पैशाचं राहू दे."

इतकं गोड मी जन्मात कोणाशी बोलले नसेन.

तिने पुडकं फळीवर परत ठेवलं, ओढणी सारखी केली नि निघून गेली. तुझ्या आईनेही तेच केलं असतं.

जयामावशी